ताळेबंदामागची खतावणी: लेखाशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित वाणिज्य महाविद्यालयातलं आहे. संबंधित प्राध्यापिकेच्या संमतीने ते लिहिलं आहे. त्यांची, संस्थांची आणि विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. कॉलेजात सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, इथेही तेच ठेवलं आहे. वाणिज्य शाखेत पीएच.डी. करणारे शिक्षक आणि त्यांचे गाईड यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं. संशोधनाचा विषय निवडताना आणि संशोधनात काही गंभीर सापडल्यावर काय करायचं, हे दोन प्रश्न आपल्याकडे फार घाईने उरकले जातात.

पार्श्वभूमी

मॅडम याच भागात मराठी माध्यमात शिकल्या. एम.कॉम. करताना त्या एका सनदी लेखापालांच्या ऑफिसात काम करायच्या. ऑफिसचं बहुतेक काम सहकारी संस्थांचं होतं: विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था. ३१ मार्चला वर्ष संपलं की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्याआधी ऑडिट हवं. त्यामुळे उन्हाळा आणि पावसाळा संस्थांच्या कार्यालयांत जायचा. रोजकीर्द तपासायची, व्हाउचरवर खुणा करायच्या, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळवायची. सीएची इंटर झाली होती. आर्टिकलशिप पुरी करून सही करण्याच्या अधिकारापर्यंत जायचं की शिकवायला लागायचं, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा देऊन शिकवणं निवडलं. काही वर्षं तासिका तत्त्वावर गेली. २००७ मध्ये पूर्णवेळ जागेवर मान्यता मिळाली.

पुढे बरीच वर्षं शिकवणं ठरलेल्या चाकोरीतून चाललं. पहिल्या वर्षाला फायनान्शियल अकाउंटिंग, तिसऱ्या वर्षाला ऑडिटिंग, एम.कॉम.ला अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग. फळ्यावर अंतिम खाती, भाड्याने खरेदी, भागीदारीचं विसर्जन. मुलांना गणितं यायची आणि निकाल चांगला लागायचा. संस्थांच्या कार्यालयांत घालवलेल्या त्या दिवसांचा वर्गात मात्र कधी उल्लेख होत नसे. अभ्यासक्रमात त्यांना जागाच नव्हती.

प्रश्न कसा उभा राहिला

२०१५ मध्ये मॅडमनी पीएच.डी.ला नोंदणी केली. त्या वर्षी फेब्रुवारीत इंड-एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवलेली भारतीय लेखा मानकं, लागू करण्याची अधिसूचना निघाली होती. ५०० कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून बंधनकारक होणार होती. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांच्या गुणोत्तरांवर या बदलाचा काय परिणाम होतो, हा विषय ठरला. विषय नवा होता, वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळत होते आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर आराखडा मंजूर व्हायला अडचण येणार नव्हती.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी आली. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. ग्रामीण पतसंस्थांचा शिलकी पैसा बहुधा याच बँकांत असतो, त्यामुळे गावोगावी पतसंस्थांची ओढाताण सुरू झाली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एका पतसंस्थेसाठी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत ठेव, गोळा करणारा एक मुलगा होता. ऑडिटिंगच्या तासाला त्याने विचारलं, “मॅडम, आमच्या संस्थेला ऑडिट वर्ग ‘अ’ आहे. सभेत लाभांश जाहीर झाला. मग मुदत संपलेली ठेव द्यायला तीन-तीन महिने थांबा का म्हणतात?”

मॅडमनी पुस्तकातलं उत्तर दिलं: नफा वेगळा आणि रोख वेगळी, सध्या रोखीची टंचाई आहे. उत्तर चुकीचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मुलगा संस्थेचे मागच्या काही वर्षांचे छापील अहवाल घेऊन आला. त्यांत ‘येणे व्याज’, म्हणजे कमाईत धरलेलं पण हातात न आलेलं व्याज, ही रक्कम दरवर्षी फुगत गेली होती. कर्जं तेवढी वाढलेली नव्हती, थकबाकीचं प्रमाण तर घटताना दिसत होतं. ऑडिट ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे खटकणारच. थकबाकी कमी होत असेल तर न मिळालेलं व्याज वाढतंय कसं? आणि नोटबंदी तर परवाची, हे आकडे त्याच्या आधीचे होते.

समोरचे पर्याय

इथे पहिला खरा निर्णय आला. नोंदणीला दोन वर्षं होत आली होती.

पहिला पर्याय सरळ होता: आहे तो विषय पुरा करायचा. गाईड सरांचं मत तेच होतं आणि ते आळसातून आलेलं नव्हतं. सर म्हणाले, “पतसंस्थेचं दप्तर तुम्हाला कोण दाखवणार? प्रबंध अडकला तर तुमची पदोन्नती अडकेल.” हिशेब बरोबर होता. मॅडम २०२१ मध्ये सहयोगी प्राध्यापक पदाच्या स्थाननिश्चितीला पात्र ठरणार होत्या आणि त्या टप्प्याला पीएच.डी. लागते.

दुसरा पर्याय मधला होता. पतसंस्थाच घ्यायच्या, पण फक्त छापील अहवालांवरून गुणोत्तरं काढायची. असे प्रबंध आपल्या विद्यापीठांत भरपूर आहेत. मॅडमनी तो गंभीरपणे तपासला आणि सोडला. त्यांचा प्रश्नच असा होता की छापील आकडा कसा तयार होतो. छापील आकड्यांची गुणोत्तरं काढून त्याचं उत्तर मिळालं नसतं.

तिसरा पर्याय कर्ज खतावण्या, म्हणजे कर्जदारांच्या खात्यांची पुस्तकं, उघडून बघण्याचा. त्यासाठी नवा आराखडा, पुन्हा समितीसमोर सादरीकरण आणि वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षं होती, महिलांना दोन वर्षांची सवलत होती. म्हणजे वेळ होता, पण पदोन्नती मागे जाणार हे जवळजवळ नक्की होतं.

मॅडमनी तिसरा पर्याय घेतला. २०१७ मध्ये नव्याने नोंदणी झाली. गाईड सरांनी विरोध नोंदवून पाठिंबा दिला, आणि नंतरच्या कामात त्यांच्याइतकी मदत दुसऱ्या कुणाची झाली नाही.

दप्तर मिळवणं

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याकडे येतात आणि त्यांच्या ठेवींना बँकांसारखं ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. त्यामुळे बाहेरच्या माणसाने खतावणी मागितली की चेअरमनच्या कपाळाला आठी पडते. गावात नुसती कुजबुज झाली तरी ठेवीदार रांग लावतील, ही त्यांची भीती खरी असते.

माहिती अधिकाराचा मार्ग मॅडमनी तपासला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम प्रकरणात सांगितलं होतं की सहकारी संस्था केवळ सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीखाली असल्याने सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळवता येते ती त्याच्यामार्फत मागता येते. या मार्गाने ऑडिट अहवाल मिळाले असते, वैयक्तिक कर्जखाती मिळाली नसती. शिवाय अर्ज गेल्यावर संस्थांची दारं कायमची बंद झाली असती.

म्हणून त्यांनी विनंतीपत्राचा मार्ग घेतला. संस्थेचं आणि कर्जदाराचं नाव कुठेही येणार नाही, खात्यांना सांकेतिक क्रमांक दिले जातील, नोंदी संस्थेच्या कार्यालयातच घेतल्या जातील आणि संस्थेसंबंधी काहीही बाहेर सांगितलं जाणार नाही, असं लेखी वचन. बऱ्याच संस्थांनी नकार दिला. ज्यांनी होकार दिला त्यांतल्या काहींचे व्यवस्थापक मॅडमचे जुने विद्यार्थी होते. या वचनातल्या शेवटच्या वाक्याने पुढे मोठी अडचण केली.

खतावणीत काय दिसलं

मार्चअखेरीला ‘नवं-जुनं’ करणं ही आपल्या भागात शेतकऱ्यापासून संचालकापर्यंत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. जुनं कर्ज भरलं असं दाखवायचं आणि त्याच आठवड्यात नवं उचलायचं. मॅडमनी मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात बंद झालेली कर्जखाती घेतली आणि त्या कर्जदाराला पुढच्या काही दिवसांत नवं कर्ज गेलं का, ते पैसे रोखीने फिरले की वर्ग नोंदीने, म्हणजे रोख न हलता फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, हे तपासलं.

वर्गात त्या आजही एक उदाहरण देतात. एक लाखाचं कर्ज, व्याज १४ टक्के, वर्षभरात छदामही आलेला नाही. २८ मार्चला त्याच कर्जदाराला १,२०,००० चं नवं कर्ज मंजूर होतं. त्यातून जुनं मुद्दल १,००,००० आणि व्याज १४,००० वर्ग नोंदीने जमा होतं. उरलेले ६,००० कर्जदाराच्या हातात पडतात. आता पुस्तकं बघा. वसुली १,१४,००० दिसते, थकबाकी शून्य होते आणि नफ्यात १४,००० येतात. तिजोरीत मात्र एक रुपया आलेला नाही, उलट ६,००० गेले आहेत. कर्ज एक लाखाचं एक लाख वीस हजारांचं झालं आणि तरीही ‘नियमित’ झालं.

पुढचा भाग जास्त गंभीर आहे. या नफ्यातून कायद्याप्रमाणे किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या मर्यादेत वाटता येतो. राखीव निधी कागदावर वाढतो. लाभांश मात्र खऱ्या पैशात जातो, आणि तो खरा पैसा ठेवीदारांचा असतो. वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. येणे व्याज वाढण्याचं कारणही मिळालं: ज्यांचं नवं-जुनं जमलं नाही त्यांच्या व्याजाची आकारणी चालूच होती, ते बुडालं तर म्हणून नफ्यातून बाजूला ठेवायची तरतूद मात्र पुरेशी नव्हती.

नवं-जुनं करणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मॅडमनी कुठेही लिहिलेलं नाही. ऊसबिल उशिरा आलेल्या शेतकऱ्याचं कर्ज एकदा फिरवणं आणि संचालकाच्या नातेवाइकाचं कर्ज वर्षानुवर्षं फिरवत राहणं यांत फरक आहे. तो फरक ताळेबंदात दिसत नाही, खतावणीत दिसतो. माझ्या मते हाच प्रबंधाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

लेख छापायचे कुठे

याच काळात कॉलेजचं नॅक मूल्यांकन, म्हणजे दर्जा ठरवणारी तपासणी, जवळ आलं होतं. शिक्षकामागे किती शोधनिबंध, तेही यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांत, हा तेव्हा मोजणीचा भाग होता. पैसे भरून पंधरा दिवसांत लेख छापून देणारी नियतकालिकं स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होती. मॅडमवर दबाव होता, प्रेमाचाही होता. सहकारी म्हणायचे, “मॅडम, एक टाकून द्या ना, कॉलेजसाठी.”

त्यांनी टाकला नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली तेव्हा अनेकांची पंचाईत झाली. पण त्यामुळे मॅडमना काही मिळालं असं नाही. त्यांचा पहिला चांगला लेख मराठीत, सहकारातल्या लोकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात आला. पतसंस्थांच्या व्यवस्थापकांनी तो वाचला, फोन केले, वाद घातले. गुणांच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य होती. इंग्रजी लेखाला दोनदा नकार आला, कारण नमुना लहान आणि एकाच भागातला आहे. ही टीका रास्त होती आणि मॅडमनी ती मान्य करून प्रबंधात मर्यादा म्हणून नोंदवली.

सर्वांत अवघड टप्पा

२०१९ च्या उन्हाळ्यात एका संस्थेचं दप्तर बघताना मॅडमना दिसलं की मार्चच्या वसुलीचा फार मोठा वाटा वर्ग नोंदींचा आहे आणि तीच ती नावं सांकेतिक क्रमांकांतून पुन्हा पुन्हा येत आहेत. संस्था टिकणार नाही असं त्यांना वाटलं. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांच्या ठेवी होत्या.

ऑडिटरला गैरव्यवहार आढळला तर कायद्याने त्याला विशेष अहवाल द्यावा लागतो. संशोधकावर असं बंधन नाही. आणि मॅडमनी तर काहीही बाहेर न सांगण्याचं लेखी वचन दिलेलं होतं. गप्प राहिलं तर ठेवीदारांचं नुकसान होणार. सहायक निबंधकांना कळवलं तर वचन मोडणार, बाकीच्या संस्था दप्तर बंद करणार, आणि आपला अंदाज चुकला तर एक चालू संस्था अफवेने बुडणार. ओळखीच्या ठेवीदारांना खासगीत सावध करायचं, तर काहींना वाचवून इतरांना मागे सोडणार. हा शेवटचा मोह सर्वांत मोठा होता, असं त्या सांगतात. त्यांनी तो आवरला.

मॅडमनी गाईड सरांशी आणि एका ज्येष्ठ ऑडिटरशी, नाव न सांगता, चर्चा केली. मग सगळ्याच सहभागी संस्थांच्या संचालक मंडळांना त्यांच्या त्यांच्या आकड्यांचा लेखी अहवाल दिला. त्यात नवं-जुनं खात्यांची रक्कम, ती वगळली तर नफा किती उरतो आणि किती तरतूद हवी, हे मांडलं. त्या विशिष्ट संस्थेच्या चेअरमनना त्या स्वतः भेटल्या. चेअरमननी चहा पाजला, अहवाल ठेवून घेतला आणि “सगळीकडे असंच असतं, बाई” एवढंच म्हणाले.

त्याच सप्टेंबरात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. एका बांधकाम समूहाची थकीत कर्जं लपवण्यासाठी २१,००० हून जास्त बनावट खाती वापरल्याचं पुढे आलं. त्या बँकेचा आणि या संस्थांचा संबंध नव्हता, पण भीतीची लाट इथेही आली. दोन संस्थांनी मॅडमना पुढच्या नोंदी देणं थांबवलं. मग कोविड आला.

निष्पत्ती

प्रबंध २०२२ मध्ये सादर झाला, पदवी २०२३ मध्ये मिळाली. सहयोगी प्राध्यापक म्हणून स्थाननिश्चिती दोन वर्षं उशिरा झाली. नंतर लागलेले एक सहकारी त्यांच्या पुढे गेले. या काळातला वेतनातला फरक भरून निघणार नाही.

सहभागी संस्थांपैकी दोघींनी नूतनीकरण केलेली कर्जं अहवालात वेगळी दाखवायला सुरुवात केली. त्यातल्या एकीने त्या वर्षी लाभांश दिला नाही आणि सभेत भरपूर बोलणी खाल्ली. अडचणीतल्या संस्थेवर पुढे प्रशासक आला. ठेवीदारांना पैसे हप्त्यांनी मिळत आहेत, सगळ्यांना नाहीत. पिग्मी गोळा करणारा तो विद्यार्थी आता दुसऱ्या ठिकाणी नोकरी करतो. गावात त्याला अजून लोक अडवून विचारतात, कारण पैसे त्याच्या हातात दिले होते.

शिकवण्यात झालेला बदल सर्वांत ठळक आहे. ऑडिटिंगच्या पहिल्या तासाला मॅडम आता नावं झाकलेल्या खतावणीची पानं वाटतात आणि वर्ग नोंदी शोधायला लावतात. ताळेबंद जुळवण्याआधी तो वाचायचा, येणे व्याजासमोर तरतूद शोधायची. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले, तेव्हा या कॉलेजकडे मुलांना कुठे पाठवायचं आणि तिथे काय बघायला सांगायचं याची तयारी आधीच होती. परीक्षेच्या निकालात फार फरक पडलेला नाही. पेपर अजून फळ्यावरच्या गणितांचाच असतो.

वेगळं काय करता आलं असतं

विषय बदलण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, पण तो दोन वर्षं आधी घेता आला असता. मॅडमकडे ऑडिट ऑफिसातला अनुभव होता आणि पहिला विषय निवडताना तो कुणीच विचारला नाही, ना गाईडने ना समितीने. आराखड्याच्या वेळी “हा प्रश्न तुम्हाला कुठे भेटला?” एवढं विचारलं असतं तरी पुरेसं होतं.

वचनपत्राचा मसुदा ही खरी उणीव. काहीही बाहेर सांगणार नाही, असं सरसकट लिहून देताना गंभीर काही सापडलं तर काय, याचा विचार झाला नव्हता. वैद्यकशास्त्रात रुग्णांवरचं संशोधन नैतिकता समितीसमोर जातं. मॅडमच्या वेळी वाणिज्य शाखेच्या आराखड्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. आराखडा तपासणाऱ्या समितीत एखादा सनदी लेखापाल आणि सहकार कायद्याचा जाणकार असता तर असं काही सापडल्यास काय करायचं, याची अट वचनपत्रात आधीच घातली गेली असती.

चेअरमनना दिलेला अहवाल संपूर्ण संचालक मंडळाच्या बैठकीत वाचला जावा आणि इतिवृत्तात नोंदवला जावा, असा आग्रह धरायला हवा होता, असं मॅडमना आता वाटतं. इतिवृत्तात नोंद झाली असती तर पुढच्या ऑडिटरच्या नजरेला ती पडली असती. वचनही मोडलं नसतं. निबंधकांकडे जायला हवं होतं का, यावर त्यांच्यात आणि माझ्यात अजून एकमत नाही. माझं म्हणणं, वर्षभरात सुधारणा दिसली नाही तेव्हा जायला हवं होतं. त्या म्हणतात, दिलेला शब्द मोडून कळवलं असतं तर पुढच्या संशोधकाला कुणी दार उघडलं नसतं.

आज मॅडम स्वतः गाईड आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विनंतीपत्रात आता एक कलम असतं: ठेवीदारांच्या पैशाला तातडीचा धोका दिसला तर तो प्रथम संचालक मंडळाला लेखी कळवला जाईल, इतिवृत्तात त्याची नोंद मागितली जाईल, आणि ९० दिवसांत दखल घेतली गेली नाही तर सहायक निबंधकांना कळवण्याची मुभा संशोधकाला राहील. हे कलम वाचून काही संस्था सही करत नाहीत. ज्या करतात, त्यांच्या खतावण्यांवर सध्या दोन विद्यार्थी काम करत आहेत.